वनधोरण बदलले तर खानापूरच्या माळावर काय बदलेल?

प्रश्न : आमच्या गावालगतच्या माळावर मागे अकेशियाची (ऑस्ट्रेलियन बाभळीची) लागवड झाली. आता तिथे गुरांना गवत उरलेले नाही आणि शिमग्याच्या सुमारास वणवा लागतो. हवामान बदलामुळे राष्ट्रीय वनधोरण बदलायला हवे, अशी चर्चा वाचतो. त्याचा आम्हाला काही उपयोग होईल का?
— एक वाचक, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

उत्तर : सध्याचे राष्ट्रीय वनधोरण १९८८ सालचे आहे. पर्यावरणाचा समतोल आधी आणि लाकडाचे उत्पन्न नंतर, हा क्रम त्याने लावून दिला. परंतु देशाची एक तृतीयांश जमीन झाडांखाली आणण्याचे उद्दिष्ट त्यात असल्याने पुढचा सगळा हिशेब क्षेत्रफळाचा आणि रोपांच्या संख्येचा होऊन बसला. हवामान बदलाची दखल घेणारा नवा मसुदा मार्च २०१८ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाला होता.

दरम्यान, वने आणि झाडे यांच्याद्वारे २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा कार्बनसाठा निर्माण करण्याचे वचन भारताने पॅरिस कराराखाली दिले आहे. माझी शंका इथेच आहे. झपाट्याने वाढणारी एकाच जातीची झाडे हा आकडा कागदावर लवकर गाठून देतील. पण आपल्या वनांतला निम्म्याहून अधिक कार्बन झाडांत नसून मातीत आहे. अकेशियाचा चिवट पाला लवकर कुजत नाही, फाल्गुनापर्यंत त्याचा कोरडाठाक थर साचतो आणि विडीच्या एका थोटकानेही पेटतो. ऐन, किंजळ, नाणा, हिरडा, जांभूळ अशी मिश्र झाडी असेल, तर एखादी जात उन्हाने किंवा किडीने खचली तरी बाकीच्या तग धरतात. शिवाय कणकुंबीचा पाऊस आणि अथणीचा दुष्काळ एकाच जिल्ह्यात असताना दोन्हीकडे तीच रोपे पाठवण्यात काय अर्थ आहे?

वने १९७६ पासून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांत आहेत. धोरण दिल्लीत ठरले, तरी कुठे काय लावायचे, कुठे विरळणी करायची आणि जाळरेषा (वणवा अडवणारा साफ केलेला पट्टा) कुठून काढायची, हे वनखात्याच्या साधारण दहा वर्षांच्या वर्किंग प्लॅनमध्ये, म्हणजे कार्य आराखड्यात ठरते. म्हणून धोरणाची वाट न पाहता ग्रामसभेचा ठराव करून वनखात्याला लेखी मागणी द्या : अकेशिया तोडल्यावर पुन्हा तीच लावू नये, खाली आपोआप उगवलेली देशी रोपे राखावीत आणि जाळरेषा जानेवारीतच साफ व्हावी. अर्जाला कन्नड प्रत जोडा. नुसत्या मराठी अर्जाचे काय होते, हे सीमाभागात वेगळे सांगायला नको. माळ वनजमीन असेल आणि गावाचा पूर्वापार वापर दाखवता येत असेल, तर वनहक्क कायदा २००६ खाली सामूहिक हक्काचा दावाही करा. तो मंजूर झाल्यास राखणीचा आणि व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेकडे येतो.