चुली वाढतात, जमीन वाढत नाही

प्रश्न : सांगलीत गुंठेवारीच्या, म्हणजे मंजूर रेखांकनाशिवाय तुकडे पाडून विकलेल्या, प्लॉटवर आमचे घर आहे. 2019 च्या पुराची गढूळ रेघ भिंतीवर अजून दिसते. दोन्ही मुलांना पुढे स्वतंत्र घरे लागतील. त्यांसाठी जागा कोण आणि कशी ठरवते?

उत्तर : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार महापालिका विकास आराखडा, म्हणजे कुठल्या जागेवर घरे, रस्ते आणि इतर सोयी होतील हे ठरवणारा नकाशा, करते आणि 20 वर्षांतून किमान एकदा तो सुधारावा लागतो. घरांची गरज मात्र केवळ लोकसंख्येवरून काढून भागत नाही, कारण आपल्या घराप्रमाणे एकत्र कुटुंब विभागले की माणसे तेवढीच राहूनही चुली वाढतात. त्यात सांगलीची अडचण वेगळी आहे : 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णेने शहर बुडवले, आणि साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा जिथवर जाते, तिथे नवी घरे बांधू देणे म्हणजे जाणूनबुजून माणसे पाण्यात लोटणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून वाढ मिरज-कुपवाडकडील उंच जमिनीवर वळवावी लागेल, पण रस्ता, गटार आणि पिण्याचे पाणी आधी पोहोचवूनच. अन्यथा गुंठेवारीचीच पुनरावृत्ती होईल. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होताच नकाशात आपला गट क्रमांक शोधावा आणि हरकत मुदतीत, लेखी नोंदवून पोच घ्यावी.