तुमच्या शहरात असा कोणी व्यापारी होता का, ज्याला लोक आपला पुढारी मानायचे?

इंदूरचा व्यापारी म्हटलं की बाहेरच्यांना सर सेठ हुकुमचंद आठवतात. इतवारियातलं त्यांचं काच मंदिर बघायला आजही लोक येतात. मी मात्र पाटनीपुऱ्यातल्या एका किराणावाल्याबद्दल सांगणार आहे. लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ते कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पण भावाभावांची वाटणी असो की मुलीचं लग्न जमवायचं असो, माणसं आधी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची.

माझे वडील गिरणीत होते. आमच्या भागातले संसार उधारीवरच चालायचे. अण्णा सियागंजातून, म्हणजे इंदूरच्या घाऊक बाजारातून, पंधरा दिवसांच्या बोलीवर माल उचलायचे, कामगार महिनाभर वहीत मांडून न्यायचे आणि पगाराच्या संध्याकाळी हिशेब चुकता करायचे. त्याच पैशांतून अण्णांचं सियागंजातलं देणं फिटायचं. मग एकेक गिरणी थंडावली. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली. वडिलांची गिरणी वेगळी, पण गत तीच. दोन-चार महिन्यांत पैसे हातात येतील, असं सगळे एकमेकांना सांगत होते. हुकुमचंदच्या कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी मार्गी लागले ते २५ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे ३२ वर्षांनी. वाट बघता बघता कितीतरी जण गेले.

पगार थांबला की ही साखळी सगळ्यात आधी किराणावाल्यापाशी तुटते. बऱ्याच दुकानदारांनी उधारी बंद केली, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यांच्याही दारात वसुलीवाले उभे असायचे. अण्णांनी वही चालू ठेवली, फक्त लिहायची पद्धत बदलली. पूर्वी गडी लिहायचा आणि रक्कम मोठ्याने वाचून दाखवायचा. आता पेन गिऱ्हाइकाच्या हातात. काय नेलं, किती नेलं, ज्याचं त्याने लिहायचं. शेजारी उभ्या असलेल्याला कळायचं नाही की कोणाकडे किती थकलंय. मी तेव्हा नववीत होतो. तेलाची बाटली घेऊन जायचो आणि गल्ल्याशेजारी सुतळीने बांधलेल्या त्या वहीत ‘तेल पाव किलो’ असं लिहून यायचो. अण्णा तिकडे बघतसुद्धा नसत, मुद्दाम तराजूची पारडी पुसत बसायचे.

सहा-आठ महिन्यांनी त्यांच्या लक्षात आलं, की नुसतं घेत राहणं माणसांना जड जातंय. काहीजण लाजेने दुकानासमोरून यायचेच बंद झाले. तेव्हा त्यांनी घराघरांत उडदाचं पीठ आणि सुक्या मिरच्या पोचवायला सुरुवात केली. बायकांनी पापड लाटायचे, तिखट कुटायचं आणि त्याची मजुरी वहीत जमेच्या बाजूला मांडायची. आमच्या घरी आई दुपारभर लाटायची, आम्ही भावंडं गच्चीवर पापड वाळत घालायचो. उपकार केल्याची भाषा अण्णांच्या तोंडी कधी आली नाही. पापड जाड झाला तर सरळ परत करायचे, आणि आईला त्याचंच बरं वाटायचं.

गणपतीचंही तसंच. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे फिरते देखावे, रात्रभर निघतात, जेल रोड, कृष्णपुरा, राजवाडा, पुढे अखाडे, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. गिरण्या बंद झाल्यावर बांबू, बल्ब, मोटारी यांचा खर्च कुठून काढायचा हा प्रश्न होता. कामगारांनी वर्गणी गोळा करून झांक्या चालू ठेवल्या, आणि आमच्या भागाचं पावतीपुस्तक अण्णांकडे असायचं. एका बड्या व्यापाऱ्याने पाचशे रुपये पुढे केले, तर म्हणाले, “थांबा भिया, पहिली पावती कामगाराची फाटेल.” कोणीतरी अकरा रुपये दिले, ती फाडली, मग पाचशेची.

या सगळ्याची किंमत घरच्यांनी मोजली, हेही लिहायला हवं. सियागंजातलं देणं भागवायला काकूंच्या पाटल्या गेल्या आणि त्यांना विचारलंही नव्हतं. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. काकूंनी मात्र पिठाचं वजन करून देण्याचं काम शेवटपर्यंत केलं. लोक अण्णांचं नाव घेतात तेव्हा काकूंचंही घ्यायला हवं.

अण्णा गेले तेव्हा उठावण्याला, म्हणजे शोकसभेला, रस्ता बंद करावा लागला होता. काही दिवसांनी त्यांच्या मुलाने दुकान आवरलं आणि जुन्या वह्यांतली ज्याची त्याची पानं त्याच्या घरी नेऊन दिली. आमचं पान माझ्या कपाटात आहे. नावेच्या बाजूला माझं नववीतलं अक्षर, आणि जमेच्या बाजूला वाकड्या ओळीत ‘पापड ३ किलो’. ते आईने लिहिलंय. तिच्या हातचं लिहिलेलं दुसरं काहीच आमच्याकडे नाही.