कॅपचा टवका उडाला तर लो-फ्यूजिंग सिरॅमिक लावून ती दुरुस्त होते का?

तुम्ही लिहिलंय की दाढेवरची कॅप पाच वर्षांची आहे, फुटाणे खाताना बाहेरच्या बाजूचा टवका उडाला आणि आतलं मेटल दिसायला लागलं. एक डॉक्टर म्हणतात नवीन करा, दुसरे म्हणतात तोंडातच भरून देतो, आणि तुमच्या मेहुण्यांनी सांगितलं की लॅबमध्ये लो-फ्यूजिंग, म्हणजे कमी तापमानाला वितळणारं, सिरॅमिक लावलं की कॅप नव्यासारखी. मेहुणे खोटं बोलत नाहीयेत, फक्त अर्धंच सांगताहेत.

मी डॉक्टर नाही. नाशिकला शरणपूर रोडच्या बाजूला एका डेंटल लॅबमध्ये सिरॅमिस्ट आहे, सोळा वर्षं भट्टीसमोर बसतोय. त्यामुळे भट्टीच्या बाजूनं सांगतो.

मेटलवरची नेहमीची सिरॅमिक पावडर साधारण 900 ते 950 अंश सेल्सिअसला भाजली जाते. तयार कॅपवर तीच पावडर लावून परत त्याच तापमानाला नेली तर जुना थरही मऊ पडतो, कडा गोल होतात, खाचा भरून येतात. म्हणून दुरुस्तीची पावडर आधी वितळणारी हवी. आपल्या सराफ बाजारातला सोनार साखळी सांधतो, तेव्हा डाख सोन्याच्या आधी वितळणाराच घेतो ना, तसंच. ही पावडर म्हणजे मुळात काचच, तिच्यात सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार वाढवले की ती लवकर वितळते. (पुस्तकात 850 ते 1100 अंशांना लो-फ्यूजिंग म्हणतात आणि 850 च्या खालच्याला अल्ट्रा-लो. लॅबमध्ये मात्र 850 च्या खालचं सगळंच ‘लो-फ्यूजिंग’. मेहुण्यांना तेच म्हणायचं असणार.)

पण नुसतं लवकर वितळून भागत नाही. भट्टीतून बाहेर आल्यावर मेटल आणि सिरॅमिक जवळपास सारखंच आकसलं पाहिजे, मेटल किंचित जास्त, म्हणजे सिरॅमिक दाबाखाली राहतं आणि तडकत नाही. कॅपचा आतला सांगाडा वेगवेगळ्या गोष्टींचा असतो: निकेल-क्रोम दर अंशाला दहा लाखांत साधारण 14 भाग आकसतं, झिर्कोनिया साडेदहा, टायटॅनियम साडेनऊच्या आसपास. तिघांना तीन वेगळ्या पावडरी लागतात. टायटॅनियमची आणखी एक खोड आहे: 882 अंशांच्या वर त्याची आतली रचनाच बदलते, म्हणून त्याला 800 च्या खाली भाजणारीच पावडर लावावी लागते. तुमची कॅप कशाची आहे हे माहीत नसताना कुणी पावडर लावून देत असेल तर तो अंदाजपंचे काम करतोय.

आता माझीच फजिती सांगतो. 2014 च्या डिसेंबरात निफाडकडची एक केस आली. पुढच्या तीन दातांचा ब्रिज, आठ वर्षं तोंडात असलेला, आपोआप सुटून आलेला, एका दाताचा कोपरा गेलेला. पेशंट म्हणजे नवरीचे मामा, लग्न दुसऱ्या दिवशी. ब्रिज वाफेनं स्वच्छ केला, करेक्शन पावडर (तीच आधी वितळणारी, दुरुस्तीची) लावली, नेहमीचा प्रोग्रॅम लावला, सहा मिनिटं सुकवण. भट्टी वर गेली आणि आतून चट्, चट् असा आवाज आला. उघडून बघतो तर तडा आरपार, रंग करडा आणि पृष्ठभागावर तळलेल्या पापडासारखे फोड. आठ वर्षं लाळेत राहिलेल्या सिरॅमिकच्या बारीक भेगांत पाणी मुरलेलं असतं, अन्नाचा अंशही. घाईनं तापवलं की त्याची वाफ होते आणि ती वाट काढते. मामांनी लग्नातले फोटो अ‍ॅक्रिलिकच्या तात्पुरत्या ब्रिजवर काढले. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून तोंडातून आलेली कुठलीही कॅप मी रात्रभर ड्रायरमध्ये ठेवतो आणि मग हळूहळू तापवतो. ‘संध्याकाळपर्यंत द्या’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना सरळ नाही म्हणतो.

तुमच्या केसमधली खरी अडचण वेगळीच आहे. लॅबच्या दुरुस्तीसाठी कॅप अखंड हातात यायला हवी, आणि तुमची दाढेवर घट्ट बसलेली आहे. पक्क्या सिमेंटनं बसवलेली कॅप बहुतेक वेळा कापूनच काढावी लागते. कापलेली कॅप भट्टीत घालून काय करणार? म्हणजे उरतात ते दोन्ही डॉक्टरांचेच पर्याय.

त्यातला कुठला, ते ठरवायला आरशासमोर टॉर्च घेऊन एक गोष्ट बघा. उडालेल्या जागी मेटल स्वच्छ, चकचकीत दिसतंय, की त्यावर पांढरट-पिवळट थर शिल्लक आहे? तो थर म्हणजे ओपेक, मेटल झाकायला पहिल्यांदा लावतात ते. ओपेक शाबूत असेल तर जोड चांगला आहे, वरचं सिरॅमिक फक्त भारानं तुटलं. तिथे तोंडात काँपोझिट (दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल) भरून घ्या, बरीच वर्षं टिकू शकतं, फार तर रंग उतरेल. मेटल लख्ख उघडं असेल तर मेटल आणि सिरॅमिकची पकडच सुटलीय आणि उरलेलंही आज ना उद्या निघेल. मी असतो तर नवीन केली असती. दोन्हींत डॉक्टरांना चावा तपासायला सांगा. समोरचा दात नेमका तिथेच आपटत असेल तर काहीही लावा, परत उडेल.

भरून घेणार असाल तर सिरॅमिक खरखरीत करायला हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड वापरतात. ते हिरडीला लागू नये म्हणून डॉक्टर दाताभोवती रबराचा पडदा लावतील, कंटाळून नको म्हणू नका.

आणि फेविक्विक लावू नका. हसू नका, दर वर्षी दोन-तीन तरी येतात. टवका सापडला असेल तर डबीत ठेवून डॉक्टरांकडे न्या, चिकटवायला नाही, शेड जुळवायला.