‘नेइजिंग’मधला ‘जिंग’ : सूत्र, संहिता की वाहिनी?

प्रश्न असा आहे की, चिनी वैद्यकातल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या आद्य ग्रंथाच्या नावातला ‘जिंग’ आणि ॲक्युपंक्चरच्या संदर्भात येणाऱ्या ‘जिंग-लुओ’मधला ‘जिंग’ हे एकच का, आणि तसे असल्यास मराठीत दोन्हींना ‘सूत्र’ म्हणावे का. शब्द एकच आहे आणि त्याचे लिपिचिन्हही एकच आहे. मराठीत मात्र दोन निराळे प्रतिशब्द घ्यावे लागतील, असे माझे मत आहे.

या चिन्हाच्या डाव्या अंगाला रेशमी धाग्याची खूण असते, कारण ‘जिंग’ हा मुळात मागावरचा शब्द आहे. विणकामाआधी मागावर ताणून बसवलेले उभे धागे, म्हणजे आपला ताणा, तो ‘जिंग’. त्यातून आडवा जाणारा बाणा तो ‘वेइ’. ज्याच्या आधाराने एखादी विद्या उभी राहते त्या प्रमाणग्रंथालाही चिनी परंपरेत ‘जिंग’ म्हणतात. देहातल्या मुख्य, प्रामुख्याने उभ्या वाहिन्यांनाही तेच नाव आहे, आणि त्यांना जोडणाऱ्या फाट्यांना ‘लुओ’. भूगोलातही चिनी भाषा रेखांशासाठी ‘जिंग’ आणि अक्षांशासाठी ‘वेइ’ वापरते.

देहातल्या अर्थासाठी ‘वाहिनी’ हाच शब्द मला योग्य वाटतो, कारण तिथे ‘जिंग’च्या जोडीला बहुधा ‘माइ’ म्हणजे नाडी, वाहिनी हा शब्द असतो. चांगशा शहराजवळच्या मावांगदुई येथे, इ.स.पू. १६८मध्ये बंद केलेल्या आणि १९७३मध्ये उत्खनन झालेल्या कबरीत रेशमावर लिहिलेले वैद्यकीय लेख मिळाले. त्यांत अशा अकरा ‘माइ’ वर्णिलेल्या आहेत, तर ‘नेइजिंग’च्या ‘लिंगशू’ या भागात त्या बारा आहेत.

ग्रंथाच्या अर्थी ‘सूत्र’ सुचणे स्वाभाविक आहे, कारण सूत्र म्हणजेही धागा, आणि बौद्ध सूत्रांचे भाषांतर करणाऱ्यांनी चिनीत ‘जिंग’ हाच शब्द स्वीकारला होता. पुलकेशी दुसरा याच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ह्युएन त्संगाने भाषांतरित केलेले हृदयसूत्र चिनीत ‘शिनजिंग’ या नावानेच ओळखले जाते. तरीही ‘सूत्र’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात पाणिनीची किंवा पतंजलीची अल्पाक्षरी वाक्ये उभी राहतात, आणि ‘नेइजिंग’ तसा मुळीच नाही. त्याचे ‘सूवेन’ आणि ‘लिंगशू’ हे दोन भाग प्रत्येकी ८१ प्रकरणांचे आहेत आणि त्यांचा बराचसा भाग संवादरूप आहे. ‘सूवेन’च्या आरंभीच पीत सम्राट हुआंगदी आपला आचार्य ची-बो याला विचारतो की, पूर्वीचे लोक शंभर वर्षे जगूनही धडधाकट असत, मग आजचे लोक पन्नाशीतच का खचतात, काळ बदलला की माणसांचेच काही चुकते? अशा पिढ्यान्‌पिढ्या संकलित झालेल्या, गुरुमुखातून उलगडणाऱ्या वैद्यकग्रंथाला आपल्याकडे ‘संहिता’ हा शब्द तयार आहे. आत्रेयाने अग्निवेशाला केलेला उपदेश आपण चरकसंहितेतच वाचतो. म्हणून ‘हुआंगदीची अंतःसंहिता’ हे नाव मी पसंत करतो. ‘नेइ’ म्हणजे आतला. हान राजवटीच्या ग्रंथसूचीत याच्या जोडीला ‘वाइजिंग’, म्हणजे बहिःसंहिता, नोंदलेली आहे, पण ती आज उपलब्ध नाही.

देवनागरीत लिहिताना एक सावधगिरी मात्र घ्यावी. चिनी वैद्यकात देहाच्या सारतत्त्वालाही ‘जिंग’ म्हणतात. त्याचे चिन्ह वेगळे, पण उच्चार स्वरासकट तोच. ‘बेइजिंग’मधला राजधानीवाचक ‘जिंग’ हा आणखी तिसरा. त्यामुळे ८१ अवघड प्रश्नांची चर्चा करणारा ‘नानजिंग’ हा वैद्यकग्रंथ आणि नानजिंग हे शहर देवनागरीत एकसारखेच दिसतात, आणि ग्रंथाचा उल्लेख करताना ‘कूटप्रश्न-संहिता’ असा अर्थ सोबत दिल्याशिवाय वाचकाचा घोटाळा टळत नाही. शिवाय प्रत्येक जुना ग्रंथ ‘जिंग’ नसतो: ३६५ औषधिद्रव्यांचा ‘शेननोंग बेनत्साओजिंग’ ही संहिता आहे, पण जांग जोंगजिंग या वैद्याच्या ‘शांगहानलुन’मधला ‘लुन’ म्हणजे विवेचन, आणि त्याला ‘शीतविकार-विवेचन’ म्हणणेच रास्त.