रमन राघवला फाशी का झाली नाही? आणि तो भुसावळला लपला होता हे खरं का?

तुमच्या प्रश्नाचे दोन तुकडे आहेत. एकेचाळीस खून कबूल करणाऱ्या रमन राघवला फाशी का झाली नाही, तो ‘सुटला’ कसा, हा एक. आणि पकडला जाण्याआधी तो भुसावळच्या रेल्वे यार्डात लपून होता असं तुमचे आजोबा सांगायचे, ते खरं का, हा दुसरा. दुसरा आधी घेतो, कारण ती अफवा पसरवणाऱ्यांत मीही होतो.

मी भुसावळचा. वडील लोको शेडला फिटर. पुढे मी जळगावला तीसेक वर्षं फौजदारी वकिली केली, आता कोट खुंटीला आहे. १९६८ साली मी दहा वर्षांचा होतो. त्या पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांत, झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेली माणसं सकाळी डोकं ठेचलेली सापडत होती. भुसावळला बातमी दोन वाटांनी यायची. वर्तमानपत्रातून यायची ती दुसऱ्या दिवशी, आणि गार्ड-ड्रायव्हरांच्या तोंडून यायची ती त्याच रात्री. दुसरी वाट जास्त लोकप्रिय होती. हे करणारा माणूस मांजर होतो, पोपट होतो, असं मुंबईत लोक बोलत होते. कल्याणला मांजर असलेला हा इसम इगतपुरीचा घाट चढून भुसावळला येईपर्यंत पोपट झालेला असायचा.

त्यात आणखी एक भर पडली. १९६५-६६ मध्ये असेच हल्ले मुंबईच्या पूर्व उपनगरांत, जीआयपी लाईनीच्या कडेने झाले होते. जीआयपी म्हणजे आताची मध्य रेल्वे. नाव १९५१ सालीच बदललं, पण आमच्या घरात शेवटपर्यंत जीआयपीच म्हणत. तर ‘जीआयपी लाईनीवर खून’ हे शब्द कानावर पडल्यावर भुसावळच्या माणसाला काय वाटणार? ती लाईन आमच्या घरामागून जायची. मी शाळेत ठोकून दिलं की कोळशाच्या ढिगामागे खाकी चड्डीतला एक माणूस बसलेला मी पाहिला. पुढे अटकेच्या बातमीत खरोखरच खाकी चड्डी निघाली आणि वर्गात माझा भाव एकदम वधारला. खरं तर त्या काळी आमच्या यार्डात खाकी चड्डी न घातलेला माणूस शोधावा लागला असता. प्रत्यक्षात तो त्या दिवसांत मुंबईच्या उपनगरांबाहेरच्या जंगलात राहत होता. भुसावळचा त्याच्याशी संबंध एवढाच, की आम्ही त्याला घाबरलो.

आता प्रकरण. १९६५-६६ च्या पहिल्या फेरीच्या वेळीही हा इसम त्या भागात भटकताना पोलिसांना सापडला होता. पोलिसांच्या दप्तरी तो होताच, दरोड्यासाठी पाच वर्षं आत जाऊन आलेला. पण खुनाशी जोडणारं काही हाती लागेना, म्हणून सोडून द्यावं लागलं. आज आपण त्यावर नाकं मुरडतो. वकील म्हणून सांगतो, पुराव्याशिवाय संशयिताला डांबून ठेवता येत नाही हे चांगलंच आहे. फक्त त्याची किंमत कधी कधी फार भयंकर पडते.

१९६८ मध्ये तपास रमाकांत कुलकर्णींकडे आला, तेव्हाचे गुन्हे शाखेचे मोठे अधिकारी. वर्णनं गोळा झाली, जुने फोटो निघाले. आणि २७ ऑगस्ट १९६८ ला ॲलेक्स फियालो नावाच्या फौजदाराने त्याला रस्त्यात ओळखलं. रस्त्यावरून असंख्य माणसं जात असताना फोटोतला एक चेहरा टिपणं, याला मी या प्रकरणातलं सर्वांत मोठं पोलिसी काम मानतो. दोन पंचांसमोर झडती झाली. अंगावरच्या बुशशर्टावर आणि चड्डीवर रक्ताचे डाग, बूट चिखलाने भरलेले. जवळ काय सापडलं? चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचा स्टँड, साबण, लसूण, चहाची पूड आणि काहीतरी आकडेमोड केलेले दोन कागद.

ही यादी मी वकिलीच्या पहिल्या वर्षात वाचली आणि ती डोक्यातून गेली नाही. मी शेकडो पंचनामे उलटतपासणीत फाडले आहेत, पण लसूण आणि उदबत्तीचा स्टँड असलेला दुसरा आठवत नाही. यातलं रक्त वगळा, आणि हाच ऐवज आपल्याकडे दारोदार फिरणाऱ्या कुठल्याही फिरस्त्याच्या झोळीत निघेल. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं, तेव्हा मला पुन्हा ही यादीच आठवली. फियालोंनी त्या जमावासारखं केलं नाही: ओळखलं, पंच बोलावले, झडती घेतली, बोटांचे ठसे जुन्या ठशांशी जुळवून पाहिले. ठसे जुळले, तेव्हा कळलं की रमन राघव, सिंधी दलवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी ही सगळी एकाच माणसाची नावं.

कबुलीची गोष्ट तुम्ही सिनेमात पाहिली असेल. बरेच दिवस तो तोंड उघडेना. मग त्याने कोंबडी मागितली, ती मिळाली आणि तो बोलायला लागला. हे खरं आहे. हत्यार कोणतं, मारायची तऱ्हा कशी, सगळं त्याने सांगितलं. १९६६ मधले तेवीस आणि १९६८ मधले डझनभर, असा हिशेब त्याने दिला. पुढे आकडा एकेचाळीसवर गेला आणि तोच लोकांच्या तोंडी बसला.

पण एकेचाळीस हा कोर्टाचा आकडा नव्हे, हे नीट लक्षात घ्या. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा कायद्याच्या कलम २५ (आता साक्ष्य अधिनियमाचं २३) प्रमाणे कोर्टात चालतच नाही. मॅजिस्ट्रेटपुढे रीतसर नोंदवलेली चालते, पण आरोपीने ती पुढे नाकारली तर कोर्ट सहसा जोड पुरावा मागतं. त्याला अटक झाली ती मालाडच्या चिंचोळी भागातल्या दोन माणसांच्या खुनासाठी. बाकीचे मेलेले लोक त्याच्या बोलण्यात राहिले.

जून १९६९ मध्ये मुंबईच्या सेशन कोर्टात खटला उभा राहिला. बचावाच्या वकिलाने पहिल्याच पायरीला अर्ज दिला की आरोपी वेडा आहे, त्याला स्वतःचा बचाव करता येणार नाही, आणि गुन्ह्याच्या वेळीही तो भानावर नव्हता. कोर्टाने त्याला पोलीस सर्जनच्या देखरेखीखाली ठेवलं. सर्जनचा अहवाल आला की वेडबिड काही नाही, स्मरणशक्ती ठीक आहे, आपण काय केलं ते याला समजतं. खटला चालला. आरोपीने गुन्हा कबूल केला. बचावातर्फे नायर हॉस्पिटलचे मानसोपचारतज्ज्ञ साक्षीला आले. त्यांनी आर्थर रोड जेलमध्ये त्याला अडीच तास तपासलं होतं. ते म्हणाले, याला बऱ्याच काळापासून स्किझोफ्रेनिया आहे. आपण माणसं मारतोय हे त्याला कळत होतं, पण ते चूक आहे किंवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं.

सगळा खटला या एका वाक्यावर तोललेला होता. दंड संहितेचं कलम ८४ (आता न्याय संहितेचं २२) डॉक्टरी वेड मानत नाही. गुन्ह्याच्या घटकेला, मनाच्या विकृतीमुळे, एकतर कृत्याचं स्वरूप कळत नव्हतं किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे कळत नव्हतं, असं दाखवावं लागतं, आणि दाखवायचं ओझं आरोपीवर असतं. माझ्याकडे असा एक खटला आला होता. रावेरकडच्या केळीच्या बागेत काम करणाऱ्या एका पोराने सख्ख्या चुलत्यावर कोयता चालवला. पोरगं आजारी होतं याबद्दल गावात दुमत नव्हतं. पण घरच्यांनी दोन वर्षं भगताकडे नेलं, डॉक्टरकडे एकदाही नाही. भगत काही केसपेपर देत नाही. शिवाय वार केल्यावर पोरगं पळालं, आणि सरकारी वकिलाने तेवढंच धरलं: पळाला म्हणजे चूक कळत होती. आम्ही हरलो. रमन राघव तर रात्री यायचा, झोपलेल्यालाच गाठायचा, अंधारात नाहीसा व्हायचा. सेशन कोर्टाने बचाव मान्य केला नाही याचं मला नवल वाटत नाही. फाशी सुनावली गेली, आणि त्याने अपील करायला नकार दिला.

मग वाचला कसा? सेशन कोर्टाने दिलेली फाशी आपोआप अमलात येत नाही. आरोपीने अपील करो न करो, फाइल हायकोर्टाकडे शिक्षा कायम करून घेण्यासाठी जावीच लागते. हायकोर्टाचं शिक्कामोर्तब झाल्याशिवाय दोर हलत नाही. आमच्या जळगाव-धुळ्याच्या फायली औरंगाबाद खंडपीठाकडे जातात, त्याची मुंबईला गेली. हायकोर्टाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. त्यांनी प्रत्येकी दोन-दोन तासांच्या पाच बैठका घेतल्या.

त्या बैठकांत जे निघालं ते वाचताना अंगावर काटा येतो, आणि थोडं हसूही येतं, त्याची लाज वाटते. त्याच्या लेखी जगं दोन होती: एक ‘कानून’चं आणि एक हे, तुमचं-आमचं. तो कानूनचा प्रतिनिधी. देशात सरकारं तीन: अकबराचं, इंग्रजांचं आणि काँग्रेसचं, आणि तिन्ही त्याच्या मागावर. लोक आपल्याला बाईत बदलायला बघतात, पण आपण एकशे एक टक्के पुरुष आहोत, असं तो म्हणायचा. शेवटच्या बैठकीनंतर डॉक्टरांनी निरोप घेताना हात पुढे केला. त्याने हात दिला नाही. कानूनचा माणूस या पापी जगाच्या माणसाला शिवत नाही, असं त्याचं म्हणणं.

मंडळाने एकमुखाने सांगितलं, हा बरा न होणारा रुग्ण आहे. फाशीची जन्मठेप झाली. तो येरवड्याला राहिला, तिथेच त्याच्यावर मनोरुग्ण म्हणून उपचार झाले, आणि १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने मेला. ‘सुटला’ असं तुम्ही लिहिलंय. तो सुटला नव्हता.

हा निकाल मला पटतो. माझ्या धाकट्या भावाला पटत नाही, आमचं यावरून दर दिवाळीला वाजतं. तो म्हणतो, मेलेल्यांना स्किझोफ्रेनियाचं काय सांगणार? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ज्याला आपण अकबराशी भांडतोय असं वाटतं त्याला लटकवून कोणाला काय कळवायचं, याचंही उत्तर त्याच्याकडे नाही.

राहता राहिली तुमच्या आजोबांची भीती. आमच्याकडे धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं. वैशाखात जळगाव-भुसावळचं ऊन ४५ अंशांवर जातं, घराच्या आत रात्र काढणं अशक्य, म्हणून अख्खी गल्ली धाब्यावर नाहीतर अंगणात बाजा टाकून झोपायची. १९६९ च्या उन्हाळ्यात तो तुरुंगात होता, खटला चालू व्हायचा होता, तरी आईने आम्हाला घरात झोपवलं. रात्रभर घामाने चादर भिजायची. कुरकुर केली की आजी अहिराणीत ओरडायची, “झोप आते, नहीते रमन राघव ई जाई!”

त्याच मे महिन्यात मामा आला होता. आईचं माहेर पारोळ्याकडचं. मामा मुंबईला लालबागला गिरणीत होता. एका खोलीत पंधरा जण पाळ्या लावून राहायचे आणि रात्री निम्मे बाहेर फुटपाथवर. आईने त्याच्याकडून शपथ घ्यायचा हट्ट धरला की तूही आतच झोपशील. मामा भाकरी मोडत होता. मान वर न करता म्हणाला, “मझार (आत) जागा कोठे शे?”