सिमेंटमध्ये कालवलेला गाळ आणि आमच्या विहिरी

प्रश्न : तेलशुद्धीकरण कारखान्यातील गाळ सिमेंटमध्ये कालवून पुरला की तो निर्धोक होतो, असे सांगतात. बुटीबोरीजवळच्या आमच्यासारख्या गावांनी यावर विश्वास ठेवावा का?
— एक शेतकरी वाचक, जि. नागपूर

उत्तर : केवळ सिमेंट कालवले एवढ्यावर ठेवू नये. या गाळात तेलासोबत निकेल, व्हॅनेडियम, शिसे यांसारखे धातू असू शकतात. तेल सिमेंटच्या कणांभोवती थर धरून ते घट्ट होऊ देत नाही. म्हणून आधी तेल वेगळे काढणे किंवा तेलकट गाळ भट्टीत जाळणे, आणि उरलेल्या घन भागाचेच स्थिरीकरण करणे (म्हणजे त्यातले धातू सिमेंट-चुन्यात बांधून टाकणे), हा योग्य क्रम होय. सिमेंट व चुन्याच्या अल्कधर्मी मिश्रणात बरेच धातू न विरघळणारी संयुगे बनतात. मात्र चुना अति झाला तर शिसे पुन्हा विरघळू लागते, त्यामुळे प्रमाण प्रत्येक गाळासाठी प्रयोगशाळेतच ठरवावे लागते.

ठोकळा कठीण झाला म्हणजे काम झाले, असे मुळीच नाही. निक्षालन चाचणीत, म्हणजे ठोकळ्यातून धातू झिरपून बाहेर पडतात का हे पाहणाऱ्या चाचणीत, नमुना ९.५ मिलिमीटरपेक्षा बारीक करून, वीसपट वजनाच्या सौम्य आम्लद्रावात सुमारे १८ तास घुसळतात आणि द्रावात किती धातू उतरला ते मोजतात. आपण मागावा तो हाच अहवाल.

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्या भरवशावर खड्डा खणून असा गाळ पुरणे घातकच. त्यासाठी दुहेरी अस्तराची, झिरपा (कचऱ्यातून झिरपणारे दूषित पाणी) गोळा करणारी अधिकृत भरावभूमीच हवी. शिवाय भोवतीच्या निरीक्षण विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासले जाते का, हे ग्रामसभेने प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारावे.