ट्रामच्या गाड्यांनाच अ‍ॅक्सेलरोमीटर (धक्के आणि कंपनं मोजणारे सेन्सर) लावले तर रूळ कधी खराब होणार ते आधी कळेल का? आणि त्यासाठी एआय मॉडेल कुठलं घ्यावं?

कळतं, पण सगळं नाही कळत. आणि मॉडेल कुठलं हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी विचारायचा असतो, लोक तिथूनच सुरू करतात. रुळांच्या मोजमापाचा डेटा बघणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ट्रामचा रूळ म्हणजे छोटा रेल्वेचा रूळ नव्हे. रेल्वेचा ट्रॅक उघडा असतो, खडी दिसते, स्लीपर दिसतात, क्लिप निघाली तर चालत जाणाऱ्या माणसाला दिसते. ट्रामचा खाचवाला रूळ मात्र बऱ्याच ठिकाणी डांबरात नाहीतर काँक्रीटमध्ये गाडलेला, वरचा माथा आणि खाच तेवढी दिसते, खाली काय चाललंय ते देवाला माहीत. तो बदलायचा म्हणजे रस्ता फोडायचा, वाहतूक वळवायची, परवानग्या घ्यायच्या, आणि २०-२५ मीटर त्रिज्येचं घट्ट वळण असेल तर तेवढा वाक देऊन आणलेला रूळ आधीच ऑर्डर करून ठेवायचा, यात महिने जातात. त्यामुळे "परवा इथे बिघाड होईल" असं सांगणारी सिस्टिम ट्रॅकवाल्यांच्या फारशी कामाची नाही. "या वळणाचा बाहेरचा रूळ साधारण पुढच्या वर्षाअखेर झिजेच्या मर्यादेला टेकेल" हे सांगणारी हवी. तुमचं अख्खं डिझाइन या एका वाक्यावरून ठरवा.

आता अ‍ॅक्सेलरोमीटर. त्याला चांगलं दिसतं ते म्हणजे रुळाच्या माथ्यावर पडणाऱ्या बारीक लाटा (कॉरुगेशन), खचलेलं वेल्डिंग, ठोकून ठोकून चेपलेलं क्रॉसिंग (जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात ती जागा). लाटांचं गणित सोपं आहे, वेग भागिले लाटेची लांबी म्हणजे फ्रिक्वेन्सी. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर, लाट ५ सेंमीची असेल तर २०० हर्ट्झ. तीच गाडी त्याच जागेवरून ताशी १८ ने गेली की १०० हर्ट्झ, आणि धक्काही कमी. म्हणजे रूळ तोच, खराबी तीच, पण आकडे वेगळे! म्हणून कच्च्या सिग्नलवर मर्यादा लावू नका, आधी तो वेळेवरून अंतरावर आणा आणि तुलना करताना साधारण सारख्या वेगाच्या फेऱ्याच एकमेकींशी लावा. थांब्याजवळ गाडी हळू असते त्यामुळे सिग्नल मरतो, आणि नेमकं तिथेच ब्रेक आणि पिकअपमुळे रूळ मार खातो, तेव्हा तिथल्या शांत ग्राफवर विश्वास ठेवू नका.

अजून एक, जे रेल्वेवरचे पेपर वाचून आलेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. बऱ्याच ट्रामच्या चाकात बाहेरची लोखंडी कडी आणि मधला भाग यांच्यामध्ये रबर असतं. सेन्सर अ‍ॅक्सल बॉक्सवर (अ‍ॅक्सलच्या टोकाला बेअरिंग असतं त्या डब्यावर) बसवला तर तो रबराच्या पलीकडचं ऐकतो, वरच्या फ्रिक्वेन्सी आधीच दबलेल्या असतात. काही लो-फ्लोअर गाड्यांना तर डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा फिरता अ‍ॅक्सलच नसतो. त्यामुळे रेल्वेच्या मर्यादा उचलून इथे चिकटवू नका, आपल्या गाडीवर, ज्या जागेची हालत माहीत आहे अशा रुळावरून चालवून, आधी आकडे बसवून घ्या.

आणि आता खरी डोकेदुखी, जागा! उंच इमारतींच्या मधून जीपीएस पार बाजूच्या गल्लीत जातं. चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर काढाल तर चाक झिजतं, व्यास १ टक्क्याने कमी झाला की किलोमीटरमागे १० मीटरची चूक, वर घसरणं वेगळं. आणि दर महिन्याला तुमचा आकडा दहा-वीस मीटर इकडेतिकडे सरकत असेल तर झीज वाढतेय की तुम्ही दुसराच तुकडा मोजताय हे कुठलंही मॉडेल सांगू शकणार नाही. यावर मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) आणि क्रॉसिंग. त्यांच्यावरून जाताना हमखास मोठा धक्का बसतो आणि त्यांची जागा नकाशावर पक्की असते, तेव्हा प्रत्येक फेरीचा सिग्नल त्या धक्क्यांवर ताणून बसवायचा. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते प्रोजेक्टचा अर्धा वेळ इथे गेला पाहिजे.

हे जमलं की चाकाचा दोष आणि रुळाचा दोष वेगळे करणं जवळपास फुकटात होतं. एकच गाडी सगळीकडे आपटत असेल, साधारण दर दोन मीटरला म्हणजे चाकाच्या एका फेरीला एकदा, तर चाक चपटं झालंय. सगळ्या गाड्या एकाच जागी आपटत असतील तर रूळ.

न दिसणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे. वळणात बाहेरच्या रुळाची बाजूने होणारी झीज, आतल्या रुळाच्या खाचेची कड, खाचेची उरलेली खोली, दोन रुळांमधलं अंतर (गेज), हे अ‍ॅक्सेलरोमीटरला धड कळत नाही. त्यासाठी लेझर प्रोफाइल (लेझरने घेतलेला रुळाचा आडवा आकार) नाहीतर रुळावरून ढकलायची मोजणीची ट्रॉली आणि हाताने मोजायची मापपट्टी लागतेच, आणि लेझरला खाचेतला चिखल हाच खाचेचा तळ वाटतो, म्हणून आधी खाच साफ करून मग मोजा. दुसरं म्हणजे भटका करंट. ट्राम सहसा ६०० किंवा ७५० व्होल्ट डीसीवर चालते आणि परतीचा करंट रुळातूनच जातो, इन्सुलेशन गेलं की तो जमिनीत गळतो आणि रुळाचा पाया (शेजारचे पाइपसुद्धा) खालून गंजतो. यात धक्का वगैरे काही नसतो, रूळ आणि जमीन यांच्यातला व्होल्टेज मोजत राहिलात तरच सुगावा लागतो. आणि पायी फिरणाऱ्या माणसाच्या वहीला कमी लेखू नका, रुळाच्या कडेने डांबर फुटलंय, पावसात तिथून पाणी उसळतंय, या नोंदी म्हणजे खालचा आधार सुटत असल्याची खूण, तो डेटाच आहे.

आता मॉडेल. रूळ तुटल्याची उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात (असायलाच हवीत!), त्यामुळे "तुटेल की नाही" असं शिकवायला डेटाच नसतो. साधारण १० मीटरचा एकेक तुकडा घ्या, आडव्या अक्षावर तारीख न ठेवता त्यावरून गेलेलं वजन किंवा अ‍ॅक्सलची संख्या ठेवा आणि बाजूच्या झिजेला सरळ रेषा बसवून बघा, बऱ्याचदा ती पुरते. लाटांचं तसं नाही, त्या वाढतात तशा अजून जोरात वाढतात, तिथे आकड्यांचा लॉगरिदम घेऊन रेषा बसवा. अंदाज एका तारखेचा देऊ नका, लवकरात लवकर कधी आणि उशिरात उशिरा कधी असा द्या. ग्राइंडिंग (रूळ घासून सपाट करणं) आणि भरणीच्या वेल्डिंगच्या (झिजलेल्या जागी धातू भरण्याच्या) तारखा मात्र न चुकता टाका, नाहीतर मॉडेलला वाटतं रूळ आपोआप बरा झाला. एकदम उडी मारणाऱ्या आकड्यांसाठी वेगळा अलार्म ठेवा, त्यावर दुसऱ्या दिवशी माणूस जागेवर जाऊन बघेल, तो आणि हा संथ ट्रेंड एकाच डॅशबोर्डात कालवू नका.

पॉइंटचं खातं वेगळंच. तिथे मोटरचा करंट आणि जीभ (पॉइंटमधला सरकणारा रुळाचा तुकडा) सरकायला लागणारा वेळ मोजा, खडे-कचरा अडकायला लागला की दोन्ही वाढतात आणि तिथे काही दिवस आधीची सूचनाही कामाची असते, कारण साफ करायला रस्ता फोडावा लागत नाही.

सेन्सर सगळ्या गाड्यांना लावायची गरज नाही. झीज संथ असते, सगळ्या मार्गांवर आलटून पालटून धावणाऱ्या तीन-चार गाड्या सुरुवातीला पुरतात, फक्त त्या एकाच डेपोच्या एकाच लाइनवर अडकलेल्या नाहीत ना ते आधी विचारून घ्या.